बेगम बाजारातलं होकायंत्र

नामपल्ली

आत्यानं फोनवर तीनदा बजावलं होतं, "नामपल्लीला उतर, दुसरीकडं कुठं उतरू नकोस." गाडी थांबली तेव्हा खिडकीबाहेर मोठ्या अक्षरात पाटी होती: हैदराबाद. मी मनात म्हटलं, हे हैदराबाद आलं, आता पुढं नामपल्ली येईल. आणि बसून राहिले. लोक उतरले, पोती उतरली, डबा रिकामा झाला. शेवटी पिशव्या गोळा करणाऱ्या एक बाई माझ्यापाशी थांबल्या. नांदेडपासून समोरच्याच बाकावर होत्या.

"उतरायचं न्हाई का, बाई?"

"मला नामपल्लीला जायचंय."

"मंग हेच की. ह्याच्या फुडं रूळच न्हाईत."

वाकून पाहिलं तर खरंच नव्हते. पाटीवर लिहितात हैदराबाद आणि तोंडानं म्हणतात नामपल्ली, हे तिकडच्या प्रत्येकाला जन्मापासून ठाऊक असतं, म्हणून कुणी कुणाला सांगत नाही. तुमच्यापैकी कुणी जाणार असाल तर सांगून ठेवते.

मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि माझा विषय भूगोल आहे, हे त्या बाईंना मी सांगितलं नाही.

माझ्याबरोबर सामान असं होतं: कपड्यांची बॅग, खांद्याला लाकडी तिपाई, विभागातून सही करून आणलेलं होकायंत्र, मोजायची फीत, आणि माणसापेक्षा उंच असा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक दांडा. त्या दांड्यानं प्रवासभर कुणाच्या ना कुणाच्या डोक्याला स्पर्श केला होता. आमच्याकडं तिसऱ्या वर्षाला प्रत्येकाला एखादी जागा निवडून तिची मोजणी करावी लागते, नकाशा काढावा लागतो आणि परीक्षक विचारतील त्याला तोंड द्यावं लागतं. वर्गातल्या बहुतेकांनी आपापल्या गावचं तळं घेतलं. मी हैदराबादच्या बेगम बाजारातली एक गल्ली घेतली. ऐटीत सांगायला ते बरं वाटतं, पण खरं कारण एवढंच की आत्याचं घर तिथून जवळ आहे.

घरच्यांनी मला पाठवलं ते मात्र वेगळ्याच कारणानं. आत्या कोठीतल्या डोळ्यांच्या एका दवाखान्यात गेली कित्येक वर्षं सिस्टर आहे. मराठवाड्यातून डोळे दाखवायला येणाऱ्यांची तिथं रांग असते, आणि काउंटरवर मराठी बोलणारं कुणी नाही. आत्यानं डॉक्टरीणबाईंना माझं नाव सांगून ठेवलं होतं. पप्पांना ते एकदम पटलं. भूगोलात एम.ए. करायचं म्हटल्यावर ते माझ्याशी धड बोलत नव्हते. "नकाशे सगळे काढून झालेत," ते म्हणाले होते, "आता तू काय नवीन गाव शोधणारेस?" त्या दांड्याकडं बघून त्यांनी तोंड फिरवलं आणि स्टेशनवर सोडायलाही आले नाहीत. काय ते रविवारी निघताना सांगायचं, एवढीच सवलत मला मिळाली होती.

आणि मी, कुणाला न सांगता, मनाशी एक पण केला होता. माझी मोजणी अशी होती: एका जागी होकायंत्र मांडायचं, पुढच्या जागी दांडा धरलेल्या माणसाकडं पाहून दिशेचा कोन घ्यायचा, अंतर फितीनं मोजायचं, मग त्या जागी जायचं. असं करत करत गल्लीला वळसा घालून पुन्हा पहिल्या जागी यायचं. कागदावर काढलेली रेघही निघाली तिथंच येऊन मिळायला हवी. मिळाली तर एम.ए., पप्पा काही म्हणोत. नाही मिळाली तर काउंटर. माझ्याच्यानं निर्णय होत नव्हता, म्हणून तो मी एका पेन्सिलीच्या रेघेवर सोपवला होता.

कोठी

पहिल्या दिवशी आत्या मला दवाखाना दाखवायला घेऊन गेली. कोठीत इतकी माणसं, जुन्या पुस्तकांचे इतके ढीग आणि डॉक्टरांच्या इतक्या पाट्या आहेत की माणूस पुस्तक घ्यायला गेला तर डोळे तपासूनच बाहेर पडेल. रस्ता विचारावा तर प्रत्येकजण "सीदा जाव" म्हणतो, आणि ते सीदा म्हणजे दोन वळणं, एक बोळ आणि एक बंद पडलेला जिना. आमच्याकडं अजून शेताचा पत्ताही उगवतीकडं, मावळतीकडं असा सांगतात. इथं सूर्य कुणी मोजणीत धरत नाही.

दवाखान्यात जिंतूरकडचे एक आजोबा भिंतीला टेकून उभे होते. एका डोळ्यावर पट्टी. हातात चिठ्ठी, आणि ती कुणाला दाखवावी ते कळत नव्हतं. तेलुगूत काहीतरी पुकारलं जाई आणि दर वेळी ते अर्धवट पुढं होऊन परत मागं सरकत. मी विचारलं, "आजोबा, कुणाला शोधताय?" तर त्यांनी माझं मनगटच धरलं.

"माय, तू आपल्यातली हायस का? सकाळधरनं उभा हाय. नाव माझं घेतेत का दुसऱ्याचं, काई उमगंना."

मी त्यांना आत नेलं, थेंब कसे घालायचे ते समजावलं आणि बाहेर आणून रिक्षात बसवलं. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "देखा? तुम आ जाओ, अम्मा. बहुत काम होता तुमसे." आत्यानं माझ्याकडं अशा अभिमानानं पाहिलं की मला बरंही वाटलं आणि धास्तीही वाटली. कुणाला आपला एवढा उपयोग होतो हे मी पहिल्यांदाच पाहत होते. भूगोलानं माझं मनगट असं कधी धरलं नव्हतं.

त्या दिवशी जेवायला भाकरी आणि अंबाडीची भाजी होती. आत्या तिला आता गोंगुरा म्हणते. आपण कण्या घालून भरपूर लसूण चरचरवतो; तिनं मिरचीत अशी घोटली होती की पहिल्या घासाला कान तापले. भिंतीवरची बुद्धमूर्ती, तिच्यापुढची मेणबत्ती, भाकरीचा वास, सगळं नांदेडच्या घरासारखं. फक्त तोंडातली भाजी परकी.

बेगम बाजार

दांडा धरायला मला माणूस हवा होता. आत्याची मुलगी तेजू मिळाली. ती इंटरला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला आहे, जन्म हैदराबादचा, मराठी बोलते ती तिची स्वतःची आणि वाचायला दिलं तर एकेका अक्षरावर अडते. "ताई, मी काय करायचं बोल ना," ती म्हणाली. मी म्हटलं, "सरळ उभं राहायचं, हलायचं नाही." बेगम बाजारात हे सांगणं किती अवघड आहे ते पोहोचल्यावर कळलं.

घाऊक मिरची-मसाल्याच्या वासानं शिंका देतच आम्ही आत शिरलो. माझी गल्ली त्याच्या पलीकडं, भांड्यांची. लोखंडी कढया, तवे, खलबत्ते, झारे, कुलपं; दुकानात जेवढा माल त्याहून जास्त दुकानाबाहेर, छपराला टांगलेला, पायरीवर रचलेला. मधून हातगाडीवाले "बाजू, बाजू" करत जातात. मी तिपाई मांडली, होकायंत्र बसवलं आणि डोळा लावला. समोर दांडा, दांड्यामागं तेजू, तेजूच्या मागं अख्खी गल्ली आमच्याकडं बघत असलेली.

पहिल्याच दुकानाचे शेठजी बाहेर आले. पांढरा झब्बा, कपाळाला गंध, हातात हिशेबाचं पेन.

"मॅडम, ये क्या नाप रे आप? रोड चौडी होरी क्या?"

"नहीं नहीं, कॉलेज का प्रोजेक्ट है."

"हौ," ते म्हणाले. "पिछली बार वाले भी ऐसेच बोले थे. बाद में आधी सीढी तोडके गए."

त्यांनी शेजाऱ्याकडं पाहिलं, शेजाऱ्यानं पुढच्याकडं. आणि पाहता पाहता टांगलेल्या कढया खाली उतरल्या, पायरीवरचे तवे आत गेले, छपरं गुंडाळली गेली. मी कोन घेत पुढं सरकत गेले तसतशी गल्ली रुंद होत गेली. मला वाटलं, काय समंजस लोक आहेत, विद्यार्थिनीला वाट करून देतात. मी मनापासून "शुक्रिया" म्हणत होते आणि ते आणखीच घाबरत होते.

अर्धी गल्ली झाल्यावर ऊन टळटळीत झालं. बाकीची दुसऱ्या दिवसावर टाकून आम्ही चहा प्यायला बसलो. दाट, गोड चहा, सोबत खारट-गोड बिस्किट. तेजूनं ते बुडवलं, मी मोडलं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर शेठजी हसत होते. झालं असं की मी फीत गुंडाळत असताना तेजूनं त्यांना सगळं सांगून टाकलं होतं: ताई नांदेडची आहे, शिकते आहे, रोडबीड काही नाही, परीक्षेसाठी नकाशा काढते. "ऐसा बोलना था ना पहले," असं म्हणत त्यांनी आम्हाला स्टूल दिलं, चहा मागवला, दांडा पडू नये म्हणून आपल्या पायरीला टेकवून दिला. सुटकेच्या आनंदात साऱ्या गल्लीनं माल परत बाहेर काढला होता, आणि मला वाटतं, आदल्या दिवसापेक्षा थोडा पुढंच.

रीत अशी की प्रत्येक रेघेचा कोन दोन्ही टोकांकडून घ्यायचा. जाताना एक, उलटं बघताना दुसरा. दोन्हींचा मेळ बसला पाहिजे. आदल्या दिवशीच्या रेघा मी मागून पाहिल्या आणि एकही बसेना. मी डोळा चोळला. काच पुसली. पुन्हा बघितलं, आणखी वेगळंच आलं.

"तेजू, तू हललीस."

"मी नाही हलली, ताई. माशी पण नाही हाकलली मी."

होकायंत्राजवळ लोखंड, चुंबक काही नको एवढं मला पक्कं ठाऊक होतं. मी तेजूचा फोन काढून घेतला. मग बांगड्या. मग केसांतल्या पिना. केस सोडून, रिकाम्या मनगटांनी ती दांडा धरून उभी राहिली, आणि भोवती हजारो लोखंडी कढया लटकत असताना मी तिच्या शेवटच्या पिनेकडं संशयानं पाहत होते.

उरलेली गल्ली तशीच मोजून आणली आणि संध्याकाळी आत्याच्या फरशीवर कागद पसरून मी आकृती काढली. रेघ निघाली, वळली, आणि परत येण्याऐवजी कुठल्या कुठं गेली. तेजू पालथी पडून बघत होती.

"ताई, तुझी गल्ली तर लोकांच्या दुकानात घुसून राहिली."

मला रडू आलं. नुसती आकृती बिघडली म्हणून नाही. तीन वर्षं मी ज्या विषयासाठी पप्पांशी भांडत होते तो मला येतच नाही, असं त्या कागदावर दिसत होतं. माझा पण मला आठवला. मी स्वयंपाकघरात गेले आणि आत्याला म्हणाले, "मी काउंटरवर बसते."

मला वाटलं होतं ती खूश होईल. तिनं तवा उतरवला, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाली, "रडून घेतलेला निर्णय मी डॉक्टरांना सांगणार नाही. रविवारला वेळ आहे."

पुन्हा बेगम बाजार

तिसऱ्या दिवशी जाण्यात काही अर्थ नव्हता, पण कुठल्या दुकानात काय विकतात याची नोंद तरी करावी म्हणून गेलो. सकाळची वेळ, दुकानं उघडत होती. तेजू म्हणाली, "ताई, दोन दिवस मी नुसता दांडा धरला. एकदा मला बघू दे ना त्याच्यातून." मी तिपाई मांडून दिली आणि पायरीवर बसले.

"ताई, हे हलतं का असं?"

"थोडं हलतं. थांब, स्थिर होईल."

"झालं होतं स्थिर. आता परत हललं. आता परत."

मी उठून पाहिलं. आतली तबकडी सावकाश एका अंगाला सरकत होती, थांबत होती, आणि पुन्हा सरकत होती. मी मान वर केली. माझ्या डोक्याच्या वर शेठजी काठीनं एकेक कढई आकड्याला अडकवत होते. कढई अडकली, तबकडी सरकली. पुढची अडकली, आणखी सरकली.

स्थानिक आकर्षण. जवळच्या लोखंडामुळं होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तरेपासून ढळते, त्यास स्थानिक आकर्षण असे म्हणतात. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत मी ही व्याख्या आकृतीसह लिहिली होती आणि पूर्ण गुण घेतले होते. आणि लोखंडाच्या बाजारात उभी राहून मी बहिणीच्या पिना उपटत होते. पहिल्या दिवशी गल्लीनं माझ्या भीतीनं कढया आत घेतल्या, दुसऱ्या दिवशी माझ्यावरच्या मायेनं बाहेर काढल्या, आणि दोन्ही दिवसांचे कोन मी एकाच नकाशात बसवत होते.

"शेठजी," मी म्हणाले, "वो कढाई जरा उतारिए ना."

त्यांनी उतरवली. मी बघितलं. "अब लगाइए." लावली. मग त्यांना स्वतःला बघायचं होतं. मग शेजाऱ्याला. थोड्याच वेळात अर्धी गल्ली रांगेत उभी होती आणि शेठजी आपणच शोध लावल्यासारखे कढई वर-खाली करत होते.

मी सरांना फोन लावला. सर आमच्या विभागात मोजणी शिकवतात. त्यांनी सगळं ऐकलं आणि पुष्कळ हसले. म्हणाले, "ज्या रेषेचं जाणं-येणं तंतोतंत जुळतं, तिच्या दोन्ही टोकांना लोखंडाची बाधा नाही असं धर, आणि तिथून एकेक कोन दुरुस्त करत जा. पण त्याआधी सगळी गल्ली एका दमात पुन्हा मोज." बाजार बंद असताना मोजावं म्हटलं तर शटर लोखंडाचं, उघडल्यावर मोजावं तर कढया. शेवटी भर बाजारात मोजली. आता गल्लीच मला मदत करत होती. हातगाडीवाले सुद्धा तेजूच्या दांड्याला वळसा घालून जात होते.

फक्त एक कोपरा राहिला. गल्ली जिथं वळते तिथं काजू-बदामाचं दुकान आहे. आसपास कढई नाही, तवा नाही, शटरही लांब. तरी तिथं सुई ढळलेली होती. आम्ही पाण्याचा नळ पाहिला, विजेचा खांब पाहिला, दोन्ही दूर. मी तिपाई थोडी सरकवली, तरी तेच. दुकानाचे मालक, मेहंदी लावलेल्या दाढीचे चाचा, गल्ल्यावरून उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"बेटा, यहाँ कायकू हलरा? मेरे पास तो लोहा नहीं."

"मालूम नहीं, चाचा."

"नीचे कुछ है क्या?"

"वही तो समझ में नहीं आ रहा."

त्यांनी पायाखालच्या फरशीकडं पाहिलं. इतकी वर्षं त्या फरशीवर उभं राहून त्यांनी बदाम तोलले असतील, आणि आज पहिल्यांदा ती त्यांना अनोळखी वाटत होती. त्यांनी माझ्या ओंजळीत मनुका ओतल्या आणि म्हणाले, "पता करके बताना हाँ, बेटा. अब मेरेको चैन नहीं पडता."

आत्याच्या फरशीवर मी पुन्हा आकृती काढली. त्या कोपऱ्याचाही कोन रीतीप्रमाणं दुरुस्त होत होता. तो का चुकतो हे कळायची कागदाला गरज नव्हती. रेघ निघाली, वळली, परत आली, आणि पहिल्या बिंदूच्या अगदी शेजारी येऊन थांबली. शेजारी. त्यावर नाही. मधे तांदळाचा दाणा मावेल एवढी फट.

मी गोंधळून सरांना पुन्हा फोन केला. "सर, जुळली नाही. थोडी फट राहिलीय."

"मग ठीक आहे," सर म्हणाले. "अगदी जुळली असती तर तू घरी बसून काढलीस असं मी समजलो असतो."

आता माझ्या पणाचं काय करायचं? जुळली तर एम.ए., नाही जुळली तर काउंटर. आणि ही तर जुळलेलीही नव्हती आणि न जुळलेलीही नव्हती. मला जिंतूरच्या आजोबांचा हात आठवत होता. त्याच्याबरोबर चाचांची दाढीही आठवत होती, आणि ती फरशी. मग लक्षात आलं की मघापासून मी त्या कोपऱ्याचाच विचार करते आहे.

मी भूगोलच करणार, असं मी आत्याला सांगितलं. तिला वाईट वाटलं, आणि तिनं ते लपवलं नाही. "मी डॉक्टरांना शब्द दिला होता गं," ती म्हणाली. "त्यांच्यापुढं मी काय तोंड घेऊन जाऊ?" तेजूनं दारातून विचारलं, "काउंटरवर मराठी बोलायचीच आहे ना? वाचायची नाही ना?" आत्यानं तिच्याकडं असं पाहिलं की ती निमूट आत गेली. पण थोड्या वेळानं आत्याच तिला हाक मारून विचारत होती, "थेंब घालायचे, हे मराठीत कसं सांगशील, बोल बघू."

परत नामपल्ली

या खेपेला पाटीवर हैदराबाद वाचूनही मी नामपल्लीलाच आले आहे याची मला खात्री होती. तेजूनं दांडा डब्यात चढवून दिला. पिना मी तिला नव्या घेऊन दिल्या होत्या. गाडी सुटायच्या आधी पप्पांचा फोन आला.

"काय ठरलं?"

"पप्पा, मी काउंटरवर बसणार नाही. भूगोलच करणार. इथंच एम.ए.ची प्रवेश परीक्षा देणार."

तिकडं टीव्हीचा आवाज होता, तो पप्पांनी बंद केला.

"तिथं जाऊन काही समजलं का तुला?" त्यांनी विचारलं. आवाजात राग होता की थकवा, मला सांगता येणार नाही.

"पुष्कळ समजलं. एक कोपरा नाही समजला."

"मग?"

"तिथल्या चाचांना सांगायचं कबूल केलंय. परत यावं लागेल."

फलाटावर कुणीतरी तेलुगूत काहीतरी पुकारत होतं आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

"नांदेडला उतरलीस की तिथंच थांब," पप्पा म्हणाले. "मी येतो. तो दांडा एकटीला कसा झेपणार?"